हापूसचा गर गोठतो तेव्हा

पिकलेल्या हापूसचा गर वाटीत काढून तसाच फ्रीझरमध्ये ठेवला, तर दुसऱ्या दिवशी त्यात चमचा शिरत नाही. सुरीनं खरवडावं तर बर्फाचा चुरा निघतो. जिभेला आधी नुसता गारवा लागतो. आंब्याची चव मागून येते, तीही उतरलेली. तोच गर आटवलेल्या दुधात साय-साखर घालून पॉटमध्ये फिरवला की मऊ, दाट आइस्क्रीम होतं. फळ तेच आणि थंडीही जवळपास तेवढीच. मग एवढा फरक कशानं पडतो, हे समजून घेण्यासारखं आहे. ते कळलं की घरचं आइस्क्रीम सुधारतं, आणि त्या वाटीतून आपल्या पोटात काय जातं तेही उमगतं. कारण आइस्क्रीमला मऊ ठेवणारी वस्तू आणि डॉक्टर जपून खायला सांगतात ती वस्तू एकच आहे: साखर.

सुरुवात पाण्यापासून करू. आंब्याच्या शंभर ग्रॅम गरात साधारण ८३ ग्रॅम पाणी आणि १४ ग्रॅमच्या आसपास साखर असते. साधं पाणी शून्य अंशाला गोठतं. साखर विरघळलेलं पाणी त्याच्याही खाली गेल्याशिवाय गोठत नाही, आणि गोठतं तेही एकदम नाही. आधी थोडं शुद्ध पाणी बर्फ होऊन वेगळं पडतं. उरलेल्या पाण्यात साखर तेवढीच राहते, म्हणजे पाक दाट होतो. दाट पाकाला गोठायला आणखी थंडी लागते. तापमान उतरत जाईल तसा हा क्रम चालूच राहतो. फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांनाही आइस्क्रीममधलं सगळं पाणी गोठलेलं नसतं. बर्फाच्या बारीक कणांमध्ये थोडा पाक पातळच राहतो. चमचा आत जातो तो या पाकाच्या जोरावर. नुसत्या गरात साखर बेताची, म्हणून पाक थोडा आणि बर्फ फार.

गोठणबिंदू किती खाली जाईल, हे साखरेच्या वजनापेक्षा तिच्या रेणूंच्या संख्येवर ठरतं. आपल्या नेहमीच्या साखरेचा रेणू मोठा असतो. ग्लुकोज आणि फ्रुक्टोजचे रेणू त्याच्या जवळपास निम्म्या वजनाचे, त्यामुळे तेवढ्याच ग्रॅममध्ये त्यांची संख्या दुप्पट भरते. फळांमध्ये या दोन्ही साखरा असतातच. सीताफळ आणि चिकू यांत त्यांचा वाटा मोठा असतो, आंब्यात मात्र बरीचशी साखर नेहमीच्या प्रकारातली असते. म्हणून गर भरपूर असलेल्या सीताफळाच्या आइस्क्रीममध्ये वरची साखर कमी केली तरी ते आंब्याच्या मानानं मऊ राहतं.

साखरेची दुसरी गरज जिभेची. थंडीत गोडाची जाणीव मंदावते. आइस्क्रीम वितळून पातळ झालं की तेच मिश्रण नको इतकं गोड लागतं, हे प्रत्येकानं अनुभवलेलं असतं. म्हणून गोठवायचं मिश्रण चाखताना ते प्यायच्या दुधापेक्षा अंमळ जास्त गोड लागायला हवं. बाजारच्या आइस्क्रीमच्या मिश्रणात साधारण १४ ते १६ टक्के साखर असते. दूध अजिबात नसलेल्या, नुसत्या फळाच्या रसाच्या सॉर्बेमध्ये तर हे प्रमाण २५ ते ३० टक्क्यांपर्यंत जातं. तिथे स्निग्धांश नाही, दुधातली प्रथिनं नाहीत, मऊपणाचा सगळा भार एकट्या साखरेवर पडतो. सॉर्बे हलकं असतं असं अनेक जण समजून खातात. ते चरबीच्या हिशेबानं खरं आहे, साखरेच्या हिशेबानं मुळीच नाही.

आता पॉटकडे वळू. लाकडी बादली, तिच्यात धातूचा डबा, डब्यात पाती आणि वर फिरवायचा दांडा. डबा आणि बादली यांच्यामधल्या जागेत बर्फाचा चुरा आणि खडे मीठ थरावर थर घालून भरतात. नुसता बर्फ शून्य अंशाच्या खाली फारसा उपयोगी पडत नाही, कारण तो वितळायला लागला की शून्यावरच थांबतो. आणि आपलं मिश्रण तर शून्यावर गोठतच नाही. मीठ पडलं की बर्फाचा वितळणबिंदू खाली जातो. बर्फ वितळत राहतो, आणि वितळण्यासाठी लागणारी उष्णता तो शेजारच्या डब्यातून ओढून घेतो. एक किलो बर्फ वितळायला सुमारे ८० किलोकॅलरी उष्णता लागते. ती सगळी दुधाच्या मिश्रणातून आणि आजूबाजूच्या हवेतून जाते. मीठ आणि बर्फ यांचं प्रमाण जमलं तर हे मिश्रण जास्तीत जास्त उणे २१ अंशांपर्यंत उतरू शकतं. घरच्या पॉटमध्ये तितकं खाली जात नाही, आणि जाण्याची गरजही नसते. वजनानं तीन-चार भाग बर्फाला एक भाग जाडं मीठ पुरतं. बारीक मीठ झटकन विरघळून तळाशी जातं, म्हणून खडेच बरे.

दांडा फिरवायचा कशासाठी, हा खरा महत्त्वाचा प्रश्न. डब्याच्या थंड भिंतीला मिश्रणाचा पातळ थर चिकटून गोठतो. पाती तो खरवडून आत ढकलते आणि भिंतीला नवा थर लागतो. थर पातळ असतानाच खरवडला जातो, त्यामुळे बर्फाचे कण मोठे व्हायला सवड मिळत नाही. कण साधारण ५० मायक्रॉनपेक्षा लहान असले की जिभेला ते वेगळे जाणवत नाहीत. मोठे झाले की आइस्क्रीम रवाळ लागतं. फिरवताना थोडी हवाही आत शिरते आणि मऊपणा वाढतो. मात्र हाताच्या पॉटमध्ये ही हवा कमीच असते, म्हणून ते आइस्क्रीम घट्ट आणि वजनदार होतं. दांडा जड लागायला लागला आणि पुढे फिरेनासा झाला, की काम झालं असं समजायचं.

दक्षिण अमेरिकेत इक्वेडोरमधल्या इबारा या गावात फळांचं आइस्क्रीम करायची एक जुनी रीत आजही चालू आहे. तिथे बर्फ, मीठ आणि गवत यांच्यावर काशाचं मोठं पसरट भांडं ठेवतात, त्यात फळाचा रस आणि साखर ओततात, भांडं हातानं फिरवत लाकडी पळीनं घोटतात. त्यांच्या आवडीच्या फळांत आपल्या सीताफळ-रामफळाच्या कुळातलं एक मोठं काटेरी फळही आहे. महासागरापलीकडच्या लोकांनी त्याच फळकुळासाठी, त्याच बर्फ-मिठाच्या युक्तीनं, त्याच प्रश्नाचं उत्तर शोधलं, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

ज्यांच्याकडे पॉट नाही ते दूध गरम करताना त्यात जीएमएस आणि सीएमसी पावडर, थोडं कॉर्नफ्लॉवर घालतात. मिश्रण अर्धवट गोठलं की मिक्सरमधून काढतात आणि पुन्हा गोठवतात. यातली जीएमएस स्निग्धांश आणि पाणी यांना एकत्र धरून ठेवते आणि हवा टिकवायला मदत करते. सीएमसी पाण्याला दाट करते, त्यामुळे बर्फाच्या कणांची वाढ मंदावते. दुकानातल्या डब्यावर ग्वार गम लिहिलेलं असतं, तो गवारीच्या बियांपासून होतो आणि त्याचंही काम हेच. या पावडरींच्या नावानं घाबरायचं काही कारण नाही. मिक्सरमधून दोनदा फिरवणं म्हणजे पातीचं काम तुटक-तुटक करणं. कुल्फीचा मार्ग निराळा. ती फिरवतच नाहीत, पण दूध इतकं आटवतात की गोठायला पाणीच कमी उरतं. म्हणून कुल्फी घट्ट असूनही रवाळ होत नाही. अर्थात आटवलेल्या दुधाचं सगळं सत्त्व आणि सगळ्या कॅलरी त्या लहानशा साच्यात एकवटतात.

फळागणिक रीत बदलते, आणि चुका होतात त्या इथेच.

आंब्यात आंबटपणा असतो. गरम दुधात गर घातला तर दूध फाटतं, म्हणून दूध पूर्ण गार झाल्यावर, शक्यतो फ्रीजमधून काढल्यावरच गर मिसळावा. आंब्याच्या फोडी तशाच घातल्या तर आइस्क्रीममध्ये त्या खड्यांसारख्या लागतात, कारण त्यांच्यातलं पाणी कमी साखरेचं. फोडी थोड्या साखरेत तासभर मुरवून मग घातल्या की मऊ राहतात.

सीताफळाला मात्र आच लागूच द्यायची नाही. त्याचा गर तापवला की कडवट होतो आणि रंग काळपट-गुलाबी पडतो. हवेतही तो लवकर काळवंडतो. म्हणून दूध, साय, साखर सगळं आधी उकळून, गार करून तयार ठेवावं आणि गर अगदी शेवटी घालावा. बिया काढण्याचं काम किचकट आहे, पण त्याला मिक्सरचा आडमार्ग शोधू नये. गर बियांसकट फिरवला आणि एखादी बी फुटली तर तिच्यातली विषारी द्रव्यं गरात उतरतात. या बियांची पूड डोळ्यात गेली तर गंभीर इजा होते. गर मोठ्या भोकांच्या चाळणीवर ठेवून पळीच्या पाठीनं हलक्या हातानं दाबायचा. बिया वर राहतात, दाणेदार गर खाली पडतो. तो दाणेदारपणा जपावा, सीताफळाचं आइस्क्रीम गुळगुळीत झालं की त्याची अर्धी मजा जाते. पुरंदरच्या आणि बीडच्या सीताफळाचा हंगाम पावसाळ्याच्या उत्तरार्धात सुरू होतो, तेव्हा फळ घरी पिकवून, डोळे उकलल्यावर लगेच गर काढावा.

अननस आणि पपई ही दुधाशी न पटणारी फळं. कच्च्या अननसात ब्रोमेलेन आणि पपईत पपेन ही प्रथिनं तोडणारी विकरं असतात. दुधात ती मिसळली की दुधातल्या प्रथिनांचे तुकडे होतात आणि काही वेळातच मिश्रण कडू लागतं. फ्रीझरची थंडी या विकरांना फक्त सुस्त करते, मारत नाही. अननसाच्या फोडी साखरेबरोबर चांगल्या उकळून घेतल्या की ब्रोमेलेन निकामी होतं. डब्यातला अननस आधीच तापवलेला असल्यामुळे चालतो. पपेन उष्णतेला जास्त दाद देत नाही. म्हणून पपईसाठी माझा सरळ सल्ला असा की दुधाच्या वाटेला जाऊ नये. लिंबू पिळून तिचं सॉर्बेच करावं.

फणसाचा बरका गर चाळणीवर घोटून घेतला की त्याचे तंतू मागे राहतात आणि वास पुरेपूर उतरतो. चिकू पूर्ण पिकलेलाच हवा, नाहीतर त्याचा तुरटपणा थंडीतही जिभेला जाणवतो. पेरूत पेक्टिन भरपूर, त्यामुळे उकडून गाळलेल्या गराचं सॉर्बे फारशी कटकट न करता मऊ होतं. त्यावर तिखट-मीठ भुरभुरण्याची हल्लीची पद्धत मला मनापासून पटते. शहाळ्याची मलई कोवळी हवी, आणि तिच्यात स्वतःची साखर थोडी असल्यामुळे तिला दूध-सायीचा आधार लागतोच. मंगळुरूजवळच्या मुल्की गावच्या फळविक्रेत्याचे चिरंजीव रघुनंदन कामत यांनी १९८४ साली मुंबईत जुहूला नॅचरल्स सुरू केलं, आणि शहाळं, सीताफळ, फणस अशा फळांचं आइस्क्रीम दुकानात मिळू शकतं याची मुंबईकरांना सवय लावली. २०२४ च्या मे महिन्यात ते गेले.

आणि केळं. पिकलेल्या केळ्याच्या चकत्या करून रात्रभर गोठवायच्या आणि सकाळी मिक्सरमध्ये फिरवायच्या. आधी भुगा होतो, मग गोळे होतात, आणि भांडं दोन-तीनदा खरवडून फिरवत राहिलं की एकाएकी मऊ क्रीम तयार होतं. दूध नाही, साखर नाही. केळ्यात इतर फळांपेक्षा पाणी कमी, पेक्टिन आणि तंतू भरपूर, शिवाय पिकताना त्यातल्या पिठाची जवळजवळ सगळी साखर झालेली असते. म्हणून सालीवर काळे ठिपके आलेलं केळंच घ्यावं. शंभर ग्रॅम केळ्यात सुमारे ९० कॅलरी, १२ ग्रॅम साखर, अडीच ग्रॅम तंतू आणि ३५० मिलिग्रॅमच्या वर पोटॅशियम. गोठवल्यानं यातलं काही कमी होत नाही. रोज चार घास थंड गोड हवंच असेल त्या घरासाठी मी हेच सुचवीन.

आता हापूसच्या आइस्क्रीमचा हिशेब मांडून पाहू. अर्धा लिटर फुल क्रीम दूध ४०० ग्रॅम होईपर्यंत आटवलं. गार झाल्यावर २०० ग्रॅम ताजं क्रीम, ८० ग्रॅम साखर, ३० ग्रॅम साय काढलेल्या दुधाची पावडर आणि ४०० ग्रॅम हापूसचा गर घातला. मिश्रण साधारण ११०० ग्रॅम भरतं आणि एकूण सुमारे १६०० कॅलरी होतात. म्हणजे शंभर ग्रॅमला १४५ च्या आसपास. ८० ग्रॅमची एक वाटी घेतली तर जवळपास ११५ कॅलरी, अडीच ग्रॅम प्रथिनं आणि सहा ग्रॅमच्या आत वरची साखर. आंब्याची आणि दुधाची स्वतःची साखर धरली तर ती १३ ग्रॅमवर जाते. हे आइस्क्रीम दुकानातल्यापेक्षा थोडं कडक होतं. खाण्याआधी दहा-पंधरा मिनिटं फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवलं की झालं. साखर कमी करण्याची ही एवढीच किंमत आहे आणि ती द्यायला काही हरकत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ साली सांगितलं, की दिवसभरातल्या कॅलरींपैकी दहा टक्क्यांपेक्षा कमी वरच्या साखरेतून याव्यात, पाच टक्क्यांच्या आत आल्या तर उत्तम. दोन हजार कॅलरींच्या आहारात याचा अर्थ ५० ग्रॅम, आणि उत्तम म्हणजे २५ ग्रॅम. अख्ख्या फळातली साखर या मोजणीत येत नाही, गाळलेल्या रसातली येते. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी मात्र ही विभागणी बाजूला ठेवून १३ ग्रॅमचा पूर्ण आकडाच धरावा, कारण रक्तातल्या साखरेला ती कुठून आली याचा फरक पडत नाही.

मग फळाचा फायदा किती? आंब्याच्या शंभर ग्रॅम गरात जातीनुसार कमीजास्त, ३५ मिलिग्रॅमच्या आसपास क जीवनसत्त्व असतं. वरच्या वाटीत गर साधारण २९ ग्रॅम, म्हणजे क जीवनसत्त्व दहा मिलिग्रॅम. प्रौढ पुरुषाला आपल्याकडे दिवसाला ८० मिलिग्रॅम सांगितलेलं आहे. तेव्हा आइस्क्रीममधून जीवनसत्त्वं मिळतात असं म्हणून मुलांना दुसरी वाटी देऊ नये. पेरूचं सॉर्बे याला अपवाद म्हणता येईल; शंभर ग्रॅम पेरूत दोनशे मिलिग्रॅमच्या वर क असतं आणि उकडण्यात काही गेलं तरी बरंच उरतं. आंब्याचा केशरी रंग ज्या कॅरोटिनमुळे येतो ते शरीरात अ जीवनसत्त्व होतं, आणि ते शोषलं जायला सोबत स्निग्धांश लागतो. दुधाची साय इथे खरंच उपयोगी पडते. थंडीमुळे या दोन्हींचं फार नुकसान होत नाही, उष्णतेनं होतं ते प्रामुख्यानं क चं. म्हणून डब्यातल्या आमरसात कॅरोटिन बरंचसं टिकतं, क कमी होतं, आणि अनेकदा त्यात साखर आधीच घातलेली असते.

विकत घेताना नाव आधी पाहावं. आपल्या अन्नसुरक्षा नियमांप्रमाणे ज्याला नुसतं आइस्क्रीम म्हणायचं त्यात किमान दहा टक्के दुधाचा स्निग्धांश आणि साडेतीन टक्के प्रथिनं हवीत. दुधाच्या चरबीऐवजी वनस्पती तेल वापरलं असेल तर डब्यावर फ्रोझन डेझर्ट लिहावं लागतं. दुसरं म्हणजे वजन. आइस्क्रीम मिलिलिटरमध्ये विकतात, आणि नियमानुसार एका लिटरचं वजन किमान ५२५ ग्रॅम असलं की पुरे, बाकी हवा. शंभर मिलिलिटरचा कप जेमतेम ५५ ग्रॅम असू शकतो, तेवढ्याच मापाचं पॉटचं आइस्क्रीम ८० ग्रॅमच्या वर जातं. दोघांची तुलना करायची तर ग्रॅमनं करावी, कपानं नव्हे. तिसरी घटकांची यादी. तिच्यात जो घटक वजनानं जास्त तो आधी लिहिलेला असतो. आंब्याचं चित्र झाकणावर केवढं आहे ते सोडा आणि यादीत आंब्याचा गर कितवा आहे ते पाहा. गर साखरेच्या आधी आला असेल तर तो डबा घ्या. गर शेवटी आणि त्याच्या पुढे नेचर-आयडेंटिकल फ्लेवर लिहिलेला असेल, तर ते पैसे हापूसच्या पेटीसाठी राखून ठेवा.